इळा की इया?

पोरीच्या नावापायी मले जेवण गोड लागे ना, एका जागी बसवे ना. नांदुऱ्यात जिथं पाहा तिथं मायरा, नाही तं कियारा. मले कोणाचंच नसन असं नाव पाह्यजे होतं. बारशाच्या दिवशी सकाळी भेटलं एकदाचं: इळा. संस्कृतात इळा म्हणजे पृथ्वी!

आत्या म्हणून वडनेरहून माही बहीण आली होती. तिनं पाळण्यात वाकून पोरीच्या कानात नाव सांगतलं अन् मंग मोठ्यानं म्हणे, "इया!"

"इया नाही वं ताई, इळा!"

"तेच तं म्हणून राह्यली, इया."

आमच्या तोंडात ळचा य होते, हे मले ठाऊक होतं. पण विळ्यालेही आम्ही इयाच म्हणतो, हे काही ध्यानात आलं नाही. साऱ्या बाया "इया, इया" करू लागल्या, तं गोठ्यातून आमचे बाबा धावत आले. हातात विळा.

"घ्या! काऊन बोंबलून राह्यले? पण सांगून ठेवतो, धार नाही त्याले."

मी कपाळावर हात मारला. बायको पाळण्याची दोरी ओढत म्हणे, "येईन ना धार, मामाजी. थोडी मोठी तं होऊ द्या तिले."