कोशाची चार पोलकी

नाही हो, पंचफुलाबाई, ते मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलेलं नाही ते पाहिल्यासारखं सांगायची मला सवय नाही — पोट माझं होतं हे खरं, पण ऑपरेशनच्या वेळी मी बेशुद्ध होते, तेव्हा 'आतून कसं दिसते, मॅडम?' याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला सांगण्यात आलं ते एवढंच, की मुंबईच्या त्या डॉक्टरांनी जठराच्या वरच्या अंगाला धातूच्या बारीक टाचण्यांची ओळ मारली, लहानशी पिशवी वेगळी केली आणि तिच्यातून खाली उतरायला एक अरुंद वाट ठेवली. थोडं खाल्लं की पिशवी भरते, भरली की भूक थांबते. — हो, शिवणच म्हणा. उशीला मधोमध टीप मारावी तशी. कापून बाहेर काही काढलं नाही. हसता काय! मी हसते आहे ते वेगळं, मला हल्ली कशाचंही हसू येतं — काल वर्गात प्रमाण विचलन शिकवता शिकवता हसले, मुलं घाबरून एकमेकांकडे पाहायला लागली.

तर ही चार पोलकी. कोशाच्या रेशमाची, आंधळगावच्या मागावरची. तुम्हीच शिवलेली, तुम्हाला ओळख नको. ही आत घ्यायची, आणि आत घेतल्यावर शिवणीत जी माया उरेल, जादा कापड हो, ते कापून टाकायचं. दोन्ही अंगांनी. एक सूतही मागे ठेवायचं नाही. — का म्हणजे? 'राहू द्या ना, मॅडम, काय खाऊन राहिलं ते तुमचं?' — वा, पंचफुलाबाई, आणि नेमकी खाण्याचीच गोष्ट काढलीत! तुमची पद्धत मला ठाऊक आहे: बाईच्या पोलक्यात दोन-दोन बोटं राखल्याशिवाय कात्री चालवायची नाही, नवरीच्या पोलक्यात तीन. 'बाईचं आंग एका मापाचं राह्यते का?' हे तुमचं वाक्य भंडाऱ्यात कोणी ऐकलेलं नाही? पद्धत शहाणपणाची आहे, मी नाकारत नाही. पण माझ्या बाबतीत तिने काय केलं ते पाहा. पहिल्यांदा मी एम.एस्सी.ला असताना उपास केले, मग लिंबूपाणी, मग नागपूरचा तो निसर्गोपचारवाला आणि त्याचा उकडलेला दुधी, ज्याचं नाव काढलं तरी माझी जीभ अजून रुसते. तिन्ही वेळा तुम्ही टीप आत घातलीत. तिन्ही वेळा वर्षाच्या आत पोलक्यांची हीच पिशवी घेऊन मी तुमच्या ओसरीवर आले, आणि तुम्ही एक अक्षर न बोलता टीप उसवून दिलीत. एक अक्षर नाही! तो उपकार होता की अपमान, हे मी अजून ठरवलेलं नाही. घरी जाऊन मी पोलकं उजेडात धरायची — कोशावर सुईचं भोक बुजत नाही, तुम्ही जाणता — आणि त्या भोकांच्या ओळींकडे पाहत बसायची.

या वेळी तसं होणार नाही. कशावरून? — बरोबर विचारलंत, मीही डॉक्टरांना हेच विचारलं. म्हटलं, दहा वर्षांनी काय? तर ते गृहस्थ, अमेरिकेत शिकून आलेले, चष्मा पुसत म्हणाले, 'बाई, दहा वर्षं झालेला रुग्ण अजून माझ्याकडे नाही.' म्हणजे नमुना लहान, निरीक्षणाचा काळ अपुरा, आणि जे पुन्हा तपासणीला आलेच नाहीत त्यांचं काय झालं ते अज्ञात. एवढ्या आधारावर माझ्या विद्यार्थ्याने निष्कर्ष काढला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आणि मी काय केलं? सही केली! पुराव्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वास ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि काय सांगू तुम्हाला — फार मजा येते हो. लोक इतकी वर्षं ही मजा करत होते आणि मला कोणी सांगितलं नाही!

आणि दिसतं आहे ना समोर? रिक्षावाला बाबुलाल, जो मला पाहिल्याबरोबर 'मॅडम, दुसरी सवारी नाही बसत आता' म्हणून शेजारच्या बाईला उतरवायचा, त्याने परवा माझ्याशेजारी एक बाई बसवली, तिच्या मांडीवर पोर आणि पायाशी तांदळाची थैली. मी त्याला दुप्पट भाडं देणार होते, लाजेने दिलं नाही. कारध्याच्या पुलावरून परवा चालत गेले, मध्ये कठड्याला टेकून नदी पाहण्याचं नाटक न करता. दिघोरीच्या लग्नात पंगतीला मांडी घालून बसले — आणि हात न टेकता उठले! उठले आणि पुन्हा बसले, खात्री करायला. वाढपी म्हणाला, 'काहून उठून राहिल्या, बाई, अजून भात यायचाच आहे.' कॉलेजच्या ऑफिसातले केवळराम तर मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे पाहून, 'मॅडम, खोकला तर नाही ना? आजकाल औषधं निघाली आहेत' — त्यांना वाटलं क्षय! इथे बाई वाळली की पहिली शंका छातीची, दुसरी सासरची. सासर मला नाही, म्हणून छाती.

आईचं तर विचारूच नका. अड्याळहून आली ती मला पाहून उंबऱ्यातच बसली, 'माही पोरगी अर्धी झाली.' डॉक्टरांनी पहिले काही आठवडे फक्त पातळ घ्या असं सांगितलं होतं, ते तिने वेदवाक्य धरलं; आठवडे संपले, आईचं पातळ चालूच आहे. सकाळी नव्या तांदळाची पेज, गूळ विरघळवून, वरून तूप. कॉलेजातून आले की पुन्हा पेज. निजताना आटवलेलं दूध. 'पातळ हाय ना ते, पातळानं काय होते!' आणि गंमत अशी, की खरंच काही होत नाही: चतकोर पोळी खाल्ली की छाती दाटून येते, पण पेज पेलाभर घ्या, दोन पेले घ्या, सरळ उतरते, कळतसुद्धा नाही. आईचं मन राहतं, डॉक्टरांचा नियमही मोडत नाही. एक घास जास्त खात नाही मी, पंचफुलाबाई. एक घास.

वजन? वजन करणं मी पौषात सोडलं. — सहज. काही विशेष नाही. काटा राइस मिलचा, धान्याच्या पोत्यांचा. त्यात किलो-दोन किलोंचा फरक गृहीतच धरायचा असतो. धरला. सतत मोजत राहणं हासुद्धा एक प्रकारचा अविश्वासच, नाही का? — अशा पाहू नका. बरं, सांगूनच टाकते. ते कापड आत राहिलं ना, तर रोज सकाळी पोलकं घालताना माझ्या बोटांना लागेल. चौतीस वर्षांची बाई मी, चारचौघांत हुशार म्हणवते, आणि शिवणीत मला परत येण्याची सोय करून ठेवलेली. मला ती सोय नको. फसले तर नागडी फसेन, पण — क्षमा करा, हा शब्द माझ्या तोंडचा नाही. पण अर्थ तोच.

घ्या माप. हात वर? हे केले. श्वास मी रोखलेला नाही, तुम्हाला भास होतो आहे. थंडगार बोटं तुमची! — किती? — परत का घेता? — दिवाळीत छाती एकोणचाळीस इंच होती, मला पक्कं आठवतं, तुम्ही मोठ्याने म्हणाला होतात आणि मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आता? — चाळीस? आणि वर अर्धा? शक्य नाही. आत्ताच जेवून आले मी — नाही, जेवणाने छाती वाढत नाही. आतले कपडे जाड — नाही, दिवाळीतही हेच. मग तुमची टेप, पंचफुलाबाई. कापडी टेप, किती वर्षांची आहे, घामाने, पावसाने, ओढून ओढून ताणली गेली असणार, आणि ताणलेल्या टेपेने माप —

ताणलेल्या टेपेने माप कमी भरतं.

कमी.

तुम्ही जरा आत जा, पंचफुलाबाई. चहा ठेवा. घाई नाही. — नाही, कात्री नेऊ नका, ती आणि पोलकी इथेच राहू द्या, माझ्याजवळ.