लाल सुताचा आठवडा

—नाही नाही, तोंड लावू नको. ठेव खाली तो धोटा. ठेव म्हटलं ना भाई. लाईट गेलीये, सगळे माग बंद आहेत, आता कसली घाई — बस इथं गोणीवर. भूषण ना तू? दापोऱ्याचा. शेठ सकाळीच म्हणाला, योगेंद्रच्या जागी नवा माणूस येतोय, त्याला काम दाखव. तर दाखवतो. पहिलं काम हेच आहे — हा धोटा मागावर इकडनं तिकडे पळतो, त्याच्या आतल्या कांडीवरचं सूत संपलं की माग थांबवायचा, धोट्यात नवी कांडी बसवायची आणि दोऱ्याचं टोक या भोकातनं बाहेर काढायचं. सगळे कसं काढतात? तू आत्ता काढत होतास तसंच. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, दोरा येतो जिभेवर. आमचे बाबा असंच काढायचे, दादाही तसंच, मीही. पण तू नाही काढायचं. हा आकडा घे. छत्रीची काडी वाकवून बनवलाय मी. आत घाल, दोरा पकड, ओढ. हळू. हो, वेळ जातो, कापड कमी निघतं, शेठ बोलेल. बोलू दे.

घरी कोण आहे तुझ्या? मुलगी? रांगते का अजून? मग तर बिलकुल नाही. ऐक मी काय सांगतो ते, आवाज नाहीये तोवर ऐक. माग चालू झाले की इथं बापाचाही आवाज ऐकू येत नाही.

योगेंद्र माझा मोठा भाऊ. पोळ्याच्या चार दिवस आधी गेला. टीबीनं. — हो, अजूनही मरतात. मलाही वाटायचं, ते जुन्या जमान्यातलं. आम्ही दोघं याच मागांवर होतो, मी दिवसपाळीला, तो रातपाळीला. पाळी बदलताना तो धोटा माझ्या हातात द्यायचा, भोक ओलंच असायचं. "घे, तुझा नाश्ता," म्हणायचा. मी शिवी द्यायचो आणि तसाच तोंडाला लावायचो. पुसायचं कशाला? लहानपणी एका ताटात जेवलेलो आम्ही. खोकायचा तो, पण इथं कोण खोकत नाही? बघ ना वर, त्या पंख्यावर केवढा कापूस साचलाय. हाच छातीत जातो, आणि माणूस खोकला की सगळे म्हणतात, पाणी पी, गूळ खा. आता मी खोकलो ना — हेच ते. कापूस.

मग लाल सुताची ऑर्डर आली. लुगड्यांची. कच्चा रंग, दोरा ओढला की ओठ लाल, दात लाल, थुंकी लाल. पूर्ण आठवडा आम्ही सगळे रंगलेलो. दादाला मी म्हटलं, काय रे, निशा वहिनीची लिपस्टिक चोरली काय. तो म्हणाला, चोरली नाही, तिनंच लावून दिली. सगळा कारखाना हसला. तो पण हसला, खोकला, आणि भिंतीकडे तोंड करून थुंकला. लाल. मग आठवडा संपला, मागावर हिरवं सूत चढलं, त्यालाही आठ दिवस झाले. मी सकाळी पाळीवर आलो तर दादाचे ओठ लालच. मी त्याच्याकडे बघतोय, तो मागाकडे बघतोय. मग म्हणाला, जुनं सूत आहे, दातात अडकलंय. सूत आठ दिवस दातात अडकतं का? तू सांग. नाही ना अडकत.

ओढत नेला त्याला सरकारी दवाखान्यात. तिथं डॉक्टर हिमानी मॅडम होत्या, चांगल्या होत्या, बुऱ्हाणपूरच्याच, आपल्यासारखं बोलायच्या. मी सातवीत सोडली शाळा, पण त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं ते सगळं डोक्यात बसलंय. अंगात शिपाई असतात. रक्तात फिरत असतात. बाहेरचा जंतू घुसला की शिपाई त्याला गिळतो, पोटात घालून पचवतो, मामला खतम. दुसरे जंतू मरतात. पण या टीबीच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं जाड कवच, याला गिळला तरी पचत नाही, हा शिपायाच्याच पोटात बसून राहतो. मग बाकीचे शिपाई येतात आणि त्याच्याभोवती कुंपण घालतात. तुम्ही दापोऱ्याचे लोक केळीच्या बागेला वारा अडवायला शेवरीच्या झाडांचं कुंपण लावता ना, तसं, फक्त इथं वारा आतमध्ये कोंडायचा. जंतू आत झोपून राहतो. कित्येकांच्या अंगात असा झोपलेला असतो, ते आयुष्यभर ठणठणीत. पण माणसाचं खाणं तुटलं, झोप तुटली, की कुंपण ढासळतं. आणि रातपाळी म्हणजे काय? दुपारी पत्र्याखाली झोप, चहावर रात्र. दादाचं कुंपण कधीच पडलं होतं. मग लढाई. मॅडम म्हणाल्या, जंतू मारायच्या नादात शिपाई आपलंच फुप्फुस जाळतात. छातीच्या फोटोत दाखवलं मला — वरच्या बाजूला खड्डा, लिंबाएवढा. मी म्हटलं, म्हणजे आपलेच आपल्याला खातात? त्या म्हणाल्या, वाचवायलाच आलेले असतात रे ते.

मी मॅडमना म्हटलं, हे त्या धोट्यानं झालं. त्या म्हणाल्या, धोट्यानं नाही रे, हवेनं. माणूस खोकला की जंतू हवेत उडतो, बंद खोलीत तासन् तास तरंगतो, दुसरा तीच हवा घेतो. धोट्याला तोंड लावू नका ते ठीकच, पण आधी त्या खिडक्या उघडा. खिडक्या. बघ, शेठनं खिळे मारलेत, वाऱ्यानं दोरा तुटतो म्हणून. हवेला मी कुठं धरू? धोटा हातात येतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथले सगळे धोटे गोळा करून नाल्यात फेकले. शेठनं माणूस उतरवून काढले, धुतले, परत लावले. मला काढून टाकलं नाही, का कुणास ठाऊक. 

गोळ्या फुकट होत्या. खाल्ल्या दादानं. महिन्याभरात खोकला थांबला, अंगावर मांस आलं, वहिनी खूश, आईनं वरण-बट्टी केली. आणि मग मूर्खानं बंद केल्या. का? लघवी लाल व्हायची म्हणून. त्या गोळीचा रंगच तसा, मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घाबरू नका, लाल होईल. पण तो आधीच घाबरलेला होता लालला. त्याला वाटलं, आता खालूनही रक्त सुरू झालं. शरमेनं कुणाला बोलला नाही. रक्त होतं तेव्हा म्हणाला सूत आहे, आणि औषध होतं तेव्हा म्हणाला रक्त आहे. रंगच कळला नाही रे त्याला. कपड्याच्या धंद्यात जन्म गेला आणि रंग कळला नाही. अर्धवट मारलेले जंतू उलटले. दुसऱ्यांदा गोळ्या दिल्या, त्यांना ते दादच देईनात. शेवटी उचलला तेव्हा कांडीसारखा हलका होता.

मी? माझी पण तपासणी केली. फोटो साफ. पण हातावर सुई टोचली तिथं गाठ आली. मॅडम म्हणाल्या, तुझ्याही आत आहे, झोपलेला. कुंपण पक्कं आहे तोवर गोळ्या घे, आतल्या आत मारून टाकू. पुडी दिली. — आहे ना, खिशातच आहे. नाही घेतली. असं बघू नको. दादाचं काय राहिलं माझ्याकडे? चपला वहिनीनं कुणाला तरी देऊन टाकल्या. मोबाईल विकला. हे एवढंच आहे जे त्याच्या छातीतनं माझ्या छातीत आलं. आणि ते मी गोळी खाऊन मारू? — माहीत आहे. माहीत आहे मला ते जंतू आहेत. मी तुला काम दाखवतोय, तू मला अक्कल शिकवू नको.

ही बघ लाईट आली. जा, त्या टोकाचे चार माग तुझे. या बाजूचा धोटा दादाचा, त्याला हात लावायचा नाही, तो मी चालवतो. नाही, मला आकडा नको, मला वेळ लागतो आकड्यानं. हे असं — झालं, आला दोरा. सवय आहे.

काय? काय बघतोस?

ओठाला? सूत असेल. लाल सूत. धोट्यात जुनं राहतं कधी कधी. — हो, आज पांढरं आहे मागावर, दिसतंय मला, आंधळा नाही मी.

जा म्हटलं ना. मुलगी आहे तुझी घरी. लांब उभा राहा.