न फिरणारी डिस्क

आमच्या संपादकांचा ताजा प्रताप सांगतो, फक्त चहा सांडू नका. ऑफिसचे कॉम्प्युटर रडतखडत चालायचे, म्हणून दुरुस्तीवाल्या सलीमभाईंनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्या. बातमी क्षणात उघडली. संपादक हरखले. "असं काय आहे हो यात?"

"साब, पुरानी में चकती घूमती थी. इसमें कुछ घूमताच नै. इसलिए फास्ट."

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेट घालत होतो. देवगाव रंगारीला पाण्यावरून तापलेली ग्रामसभा होती.

"बसा खाली, पवार. आजपासून बातमी जागेवरूनच, फोनवर."

"अहो, मी बातमीदार आहे!"

"फिरणारा भाग आहात. वेग तिथंच जातो."

संतापून सरपंचांना फोन लावला. "सभा लई शांततेत चालू हाय, साहेब," ते म्हणाले. मागून कुणी तरी ओरडलं, "आरं, ती खुर्ची ठिव खाली! डोक्यात घालतो का काय?"

मी फोन स्पीकरवर टाकून संपादकांपुढे आदळला. "ऐका ही शांतता! आणि सलीमभाई, खरं सांगा, तुमची एसएसडी जाण्याआधी कळतं का?"

"अक्सर नै, साब. चुपचाप जाती. पुरानी बेचारी मरने के पहले कर्र कर्र तो करती थी."

"ऐकलंत? आम्ही निदान आवाज तरी करतो!"

संपादकांनी शांतपणे चष्मा पुसला. "तेच म्हणतोय मी, पवार. बदलायची वेळ आली की असाच आवाज येतो."