पाठीले पाठ

— बसा ना, बाकावर जागा हाय. आत योगाचा क्लास आताच सुरू झाला, अन् महादेवराव मास्तर मधात कोनाले घेत नाईत. शवासन झालं की दार उघडतीन, मंग जाजा तुमच्या मालकाले घेऊन. ते ऑटोत झोपले काय? झोपू द्या, किमो झाल्यावर असंच होते. मी काऊन बाहेर बसली? घुडग्यापाई. घुडगे धरले माहे, खाली बसनं होत नाई. मास्तर म्हनते खुर्ची देतो — पन खुर्चीवर बसून मी पाहू काय? जाऊ द्या.

तुमालेबी आत बसा लागन बरं. क्लास पेशंटचा बी हाय अन् घरच्याचा बी. मास्तर म्हनते, बिमार एकच असते पन दम दोघाचाही कोंडते. म्हनून त्यायच्या पाठीले पाठ लावून बसाचं, डोये मिटाचे, अन् संगं श्वास घ्याचा. मले पह्यले हसू आलतं. आमचे हे, चंद्रभानजी, कारंज्यात कपड्याचं दुकान हाय आमचं — गल्ल्यावर बसून दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, मंग काय होईन? उजवा जबडा काढला नागपूरले. तवापासून तोंडाले दुपट्टा. घरात बी दुपट्टा. नळीतून पेज मी देवो, पट्टी बी मीच बदलवो — नाई, खोटं काऊन बोलू, पट्टी सिस्टर बदलवे, मले बाहेर पाठवत हे. पट्टी गेली, नळी गेली, पन दुपट्टा काही गेला नाई. आताबी जेवते ते भिताडाकडं तोंड करून. मी ताट ठेवतो अन् निंघून जातो.

इथं मातर बरं वाटे. पाठीले पाठ लावली की तोंडाचं कामच नाई ना. भ्रामरी असते शेवटी, भुंग्यावानी गुनगुन कराची — त ह्यायची गुनगुन माह्या पाठीत उतरे. बोलनं नीट येत नाई त्यायले, पन ते मले पुरं समजे. काय समजे म्हनता? आता ते कसं सांगू.

मंग माहे घुडगे गेले अन् ही कोकिळा आली. पुलगावची. छातीचा कॅन्सर हाय तिले. मालक नाई, भाऊ सोडून देते अन् बाजारात निंघून जाते. मास्तर म्हनले, आनंदाबाई, तुम्ही खुर्चीवर बसा, कोकिळाबाई बसतीन चंद्रभानजीच्या पाठीले. मी हो म्हनलं. एकटी बाई, नाई कसं म्हनाचं? अन् लोकं म्हनाल त लोकं बिमार मानसाले काही म्हनत नाई. त्यायले सारं माफ असते. एक रोज भ्रामरी झाली, दोघं वळून बसले, अन् ह्यायनं दुपट्टा काढला. काही नाई, गरमी झाली म्हनून काढावा तसा काढला अन् मांडीवर ठेवला. ती पाहून राह्यली, नजर बी नाई फिरवली. काहीतरी बोलली, त ह्यायचे खांदे हालले. हासले असतीन. मी मांगं खुर्चीवर होती, मले ह्यायची पाठ दिसे अन् तिचं तोंड दिसे. बस.

एसटीत मी इचारलं. तिच्यासमोर काढता, माह्यासमोर काऊन नाई? ह्यायनं दुपट्टा घट्ट गुंडाळला. मंग म्हनले, "तिनं माह्यं आधीचं तोंड पाह्यलं नाई, आनंदा. तुह्या डोयात मले तेच दिसते." आता याले काय म्हनाचं तुम्हीच सांगा. मी म्हनलं, मी आताचं बी पाहीन ना. तर खिडकीकडं वळले.

तवापासून मी बाहेर बसतो. घुडगे दुखतेत, ते खरंच हाय — पन ते तितकं नाई. तुम्ही अनोळखी बाई, म्हनून बोलतो. आंघोळीच्या वेळी मी छाती चाचपून पाहो. भेवापाई नाई पाहो मी. लागली एखादी गाठ हाताले त लागू दे, असं पाहो. लागली असती त मी बी त्या दोघाच्या मधात बसली असती, मंग ह्यायनं माह्याकडं बी पाह्यलं असतं तसं. — असं नका पाहू माह्याकडं. तुमचं नवं हाय, तुमाले नाई समजाचं आता.

अन् मांगच्या खेपेले ही कोकिळा माह्याजवळ आली. याच बाकावर. म्हने, आनंदाताई, परत निंघाला, फुफ्फुसात. डॉक्टर म्हनले आता काही उपाय नाई. चंद्रभानदादाले नका सांगू, त्यायचं मन आता कुठं बसलं. दादा म्हनते ती. माह्या हातावर हात ठेवला, थंडगार. मी म्हनलं, नाई सांगत. अन् एसटीत ह्यायच्या बाजूले बसली त मनात काय आलं सांगू? आलं, की आता तिचं काहीतरी माह्याजवळ हाय जे ह्यायच्याजवळ नाई. ती मरून राह्यली अन् मले हे सुचलं. अन् त्याच्या मांगून लगेच आलं — ती गेली त हे रडतीन. उघड्या तोंडानं रडतीन. माह्यासाठी रडतीन काय तसे? मेल्याबिगर कसं समजते ते?

सांगाचं त सांगू काय ह्यायले? शपथ थोडीच घेतली मी. रोज म्हनतो आज सांगतो, आज सांगतो, अन् मंग ते सकाळी उठून आपल्या हातानं धोतर नेसते, क्लासले चाल म्हनते — त तोंडातून निंघतच नाई. मले वाटते मी तिच्यासाठी चूप हाव. कधी वाटते ह्यायच्यासाठी. कधी वाटते —

थांबा. दार उघडलं. शवासन त झालं नाई अजून.

कोकिळाच होय. भिताड धरून राह्यली. उठा जरा तुम्ही. उठा म्हनतो ना, तिले बसू द्या. ये वं बाई, इकडं ये. खोकू नोको, दम धर, पदर लाव तोंडाले. लोटून घ्या ते दार पह्यले, आतून ह्यायले दिसन. अन् जा आता तुम्ही, जा.