निळी पेन्सिल कशी आली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक आणि पाहुणे मंडळी, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सगळे जमलो आहोत ते आपले काका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि चहा कधी येतोय याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. हिशेब विभागातल्या माणसाला थोडक्यात बोलता येतं, फक्त पुरावे जोडायला वेळ लागतो. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

काकांचा वक्तशीरपणा, त्यांची शिस्त, त्यांचं अक्षर, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. एकच नोंद दोनदा झालेली काकांनाच खपायची नाही. मी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी आहे. आपल्याकडे तपासलेल्या व्हाउचरवर निळी खूण का असते? जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी ती हिरवी असायची. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे शंका, खुलासा करा. मग एका सकाळी हिरव्या पेन्सिली गेल्या आणि निळ्या आल्या. आजचे आपले अध्यक्ष तेव्हा आमच्या विभागाचे साहेब होते. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हिरव्या बाजारात मिळत नाहीत. अध्यक्ष महोदय, आपण तेव्हा धडधडीत खोटं बोललात, आणि मी आजही आपले आभार मानते.

त्या वेळी मी नुकतीच लागले होते. अकाउंटिंग टेक्निशियनचा कोर्स करून. नेमणुकीचं कळल्यावर आमच्या आत्याने मला आतल्या खोलीत नेऊन विचारलं, "टेक्निशियन ना तू? मग जरा आमचा मिक्सर बघतेस का?" मी म्हटलं, "आत्या, मी व्हाउचर लावते, बिलं ताडून बघते, बँकेशी मेळ घालते." आत्या म्हणाली, "असू दे गं, होईल हळूहळू." थोरल्या भावाची नोकरी त्याच सुमाराला सुटली होती. त्यामुळे मी कायम होते की नाही, याकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

व्हाउचर तपासण्याचं टेबल काकांचं; पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच नियम सांगितला. "खुणेवर सही नसते. म्हणून ज्याची खूण, त्याने विचारायच्या आत सांगायचं, माझी आहे." मी मान डोलावली. नव्या माणसाला दुसरं काय येतं?

नव्या माणसाला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे नको तिथे उत्साह. कायम होण्याआधीची माझी उमेदवारीची मुदत संपत आली होती. काका जेवायला गेले असताना मी त्यांचं टेबल आवरलं. त्यांच्या पेन्सिली मला कुरतडल्यासारख्या दिसल्या. काहींच्या मागच्या टोकाला खाच होती. एवढा मोठा माणूस आणि पेन्सिली चावतो, असं मनात आलं. मी ब्लेड घेतलं आणि सगळ्यांची मागची टोकं गुळगुळीत तासून ठेवली. काका आले, बसले, माझा व्हाउचरांचा ट्रे पुढे ओढला आणि भराभर खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गहजब. त्या ट्रेमधल्या निम्म्याहून जास्त व्हाउचरांवर लाल खुणा. नियमाप्रमाणे ती सगळी आपापल्या विभागांत परत गेली होती, आणि प्रत्येक विभाग आमच्या दारात उभा होता. स्टोअरवाले म्हणाले, "आम्ही काय खोटी बिलं लावली?" साहेबांनी मला आत बोलावलं. ट्रे माझा, व्हाउचर मी लावलेली, आणि काकांच्या हातून रंग चुकलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. साहेब शांतपणे म्हणाले, "खुणा तूच केल्या असशील. लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल, तर पुढचा विचार करावा लागेल." मी म्हटलं, "मी केल्या नाहीत, सर." पण मग कोणी केल्या, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मला वाटलं, संपलं. आता घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात काका न विचारता आत आले. पुढचं मी त्यांच्या परवानगीने सांगते आहे.

"त्या खुणा माझ्या आहेत," काका म्हणाले. "मला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो."

साहेबांनी विचारलं, "कधीपासून?"

"जन्मापासून."

"मग इतकी वर्षं?"

"लालच्या मागे खाच करतो. अंगठ्याला कळतं."

ती खाच मी आदल्या दिवशी तासून टाकली होती. गुळगुळीत लागेल ती हिरवी, असं धरून काका हाताला येईल त्या पेन्सिलीने खुणा करत गेले. माझ्या व्हाउचरांत शंका काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून खाचेची पेन्सिल शोधायची वेळच आली नाही. ही माझ्या कामाची आजवरची सर्वांत महागडी शाबासकी.

काकू हसताहेत. त्यांना अर्थातच माहीत होतं. काकांचे कपडे रोज कोण काढून ठेवतं?

पण सभागृहातल्या मंडळींनो, जरा विचार करा. ज्यांचं सगळं काम रंगांवर चालायचं, त्यांनी हे कबूल करणं म्हणजे काय? टेबल जाऊ शकत होतं. ते गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. नवी मुलगी गेली असती, दुसरी आली असती. साहेबांनी तिथूनच स्टेशनरीवाल्याला फोन करून निळ्या पेन्सिली मागवल्या आणि आम्हाला म्हणाले, "जा दोघंही, कामं पडली आहेत." मी कायम झाले. आत्याच्या मिक्सरचं मात्र अजून काही झालेलं नाही.

नंतर मी काकांना विचारलं, "तुम्ही का बोललात?" त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, "खूण माझी होती." आणि पुढचा ट्रे मागितला. काका, त्या दिवशी मला रडू आलं होतं, ते मी वॉशबेसिनपाशी आवरलं. आज आवरायचं कारण नाही.

उद्यापासून तुमचं टेबल माझ्याकडे येतंय. माझ्या जागी येणारी मुलगी शेवटच्या रांगेत बसली आहे. तिला सांगते, टेबल खुशाल आवर, पण काही तासायच्या आधी विचार.

बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आणि चहा थांबवून ऐकल्याबद्दल आपले मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर तिथे बेलाशक लाल खूण करा. ती काकांच्या शिकवणुकीवर मात्र करू नका. चूक माझी आहे, खुलासा मी करीन.