फोम बसेपर्यंत

हलू नका, साहेब! आवो, हलू नका म्हनलं ना — मान टेका मागं, हां, तशीच — दोन्ही हात इस्टेरिंगवर ठेवा. आता वीस मिनटं तुमी आन् ही गाडी येकच. पाठीला गरम लागतंय? लागनारच. पाठीमागच्या त्या पिशवीत दोन औषधं मिसळून वतलीत, ती फुगत्यात, तुमच्या पाठीच्या खाचाखोचात शिरत्यात आन् मंग घट्ट व्हत्यात — साचा म्हनत्यात त्याला. मदीच कूस बदलली तर समदं फेकून द्यावं लागतंय. बोलूबी नका, बोललं की छाती हालती. आन् मघाशी काय इचारलंत तुमी? माझ्या राजनंदिनीचं लग्न कवा झालं? हळू, साहेब, हळू! ती मागं शेडात सीटचं लोखंड कापाया गेलीय. तिच्यासमोर हे असलं काय काढू नका, पाया पडतो तुमच्या.

न्हाई झालं लग्न. ठरलंबी न्हाई. त्या कोइमतूरच्या कारखानदाराला म्या खोटं सांगितलं, तेच त्यानं तुमाला सांगितलं असंल. नंबर तुमीच दिला ना त्याला? तुमच्या दोस्ताच्या गाडीतली हिनं केलेली सीट बघून त्यो खूश झाला म्हनं — बाहेरच्या पाटीवर नंबर माझा, म्हनून फोन मला आला, मंगळवारी. रेसच्या गाड्यांच्या सीटा बनवतो, मुलीला पाठवा, ऱ्हायाची सोय करतो, हाताखाली चार मानसं देतो. माझी हिंदी ही अशी — म्या म्हनलं, "शादी हो गया." वाटलं, सुटलो. तर त्यो बाबा म्हनतो, नवऱ्यालाबी घेऊन या, त्यालाबी काम देतो! शुक्रवारपतुर कळवा म्हनला. आज वार कोनता? हां. तुमी डोळं असं मोठं करू नका, मान हालती. तिला यातलं अवाक्षर ठावं न्हाई. तुमीच तोंड उघडलं तर कळंल, न्हाईतर कोन सांगतंय? तुमी इचारलंत ते बरं झालं, मीच काढनार व्हतो इषय — फोम वतल्यावर. आता तुमी जाताय कुठं, ऐकावंच लागंल.

म्हंजे तुमाला वाटंल, बाप हाय का कोन? व्हय, बापच हाय. आई गेल्याला सा वर्सं झाली तिची, फुलाबाईची — तवापास्नं घरात आमी दोघंच. पाटी बघितली ना, 'नाथा कुशन वर्क्स, वरवे बुद्रुक'? तीस वर्सं म्या टेम्पोच्या सीटा शिवल्या, जीपच्या शिवल्या, भोर-वेल्ह्याच्या निम्म्या वडापवाल्यांच्या बुडाखाली माझं काम हाय. पन ही उंच मानसांची सीट माझी न्हाई. ती हिची. चार वर्सांमागं पुन्याचा येक जन आला अशीच बुटकी, दोन दारांची गाडी घेऊन — मानूस सव्वासा फूट, टकुरं छताला, गुडघं इस्टेरिंगला, केविलवाना झालेला. म्या म्हनलं, साहेब, गाडी इका. आन् ही पोरगी सरळ गाडीत जाऊन बसली. पावनेसा फूट हाय ती, बघितलीत ना — तिचंबी डोस्कं छताला. तशीच बसली अर्धा तास. मंग उतरली आन् म्हनली, आबा, सीटच्या खालची सरकायची पट्टी काढा, तिनंच चार बोटं उंची खाल्लीय. सीट तळालाच बोल्टानं आवळायची, पाठ जरा निजवायची, मांडीखाली उचल द्यायची. आन् पाठ त्या मानसाचीच वतून काढायची. दुसऱ्या कुनाला हे सुचतं का? उंच मानसाचं दुखनं उंच मानसालाच कळतं. त्यो पुनेकर त्या दिवशी गाडी चालवत गेला तवा डोळ्यात पानी व्हतं त्याच्या. आता मुंबईवरनं, नाशकावरनं येत्यात लोक. येत्यात अन् म्हनत्यात, वा नाथाभाऊ! म्या बी म्हनतो, चालायचंच.

हे बघा. हे हात. सरळ धरलेत म्या, तरीबी बघा कसं थरथरत्यात. दोन वर्सं झाली. भोरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आन् म्हनला, हे आता असंच. औषधं मिसळली की अर्ध्या मिनटात वतावी लागत्यात — माझ्या हातानं निम्मी भुईवर. सुई धरवत न्हाई. कात्री तर नगंच. आता सांगा, ती कोइमतूरला गेली तर म्या काय करायचं? पाटीखाली बसून राऊ? लोक इचारतील, नाथाभाऊ, सीट कवा करताय? — आन् म्या काय हात दावू त्यांना? इथंच जन्म गेला, वरव्याच्या भायेर हाताला काम माहीत न्हाई. रात आली की म्या तिच्या खोलीच्या दाराकडं बघत पडतो, हाय ना, हाय ना म्हनत. हे काय जगनं हाय? लाज वाटती, साहेब, पन भीती त्यापरीस मोठी.

आवो, श्वास बारीक घ्या! कशापायी येवढा उसासा? तिची कीव आली? मंग ऐकाच. सांगायचं नव्हतं, पन तुमच्यावानी ऐकनारं गावत न्हाई कोन — ऐकून उठून जाता येत न्हाई ना, म्हनून. सारोळ्याचं स्थळ आलं व्हतं तिला, दोन वर्सांमागं, नुकता हात थरथरायला लागल्यावर. पोरगा चांगला, बँकेत, आन् उंचीबी जोडीस जोड. बघून गेले आन् तिसऱ्या दिवशी फोन — आमाला पसंत. आन् म्या? म्या ओट्यावर बसलो व्हतो. ती म्हनली, आबा, काय म्हनली मानसं? माझ्या तोंडातनं निघालं, "न्हाई म्हनले. पोरगी लई उंच हाय म्हनले." का म्हनलं तसं? दुसरं काय सुचलं न्हाई म्हनून! पैसा म्हनलो असतो तर ती भांडली असती. उंचीला काय करनार? उठून आत गेली. मंग त्या लोकांना मीच फोन केला, पोरीला इतक्यात करायचं न्हाई. आन् तवापास्नं, साहेब — तुमी बघितलंत का ती चालती कशी? खांदं पाडून. मान खाली घालून. दारातनं येताना वाकती, जिथं वाकायची गरज न्हाई तितंबी वाकती. समद्या मुलखाच्या उंच मानसांना ताठ बसवती आन् सोता... म्या केलं ते. माझ्या येका वाक्यानं. दोन वर्सं रोज बघतोय, आन् रोज म्हनतो, उद्या सांगू.

काय? तिकडं काय बघताय? मान फिरवू नका म्हनलं ना! मागं काय —

राजी. कवापास्नं उभी हाईस तू?

अगं... न्हाई, साहेबांशी आपलं असंच... व्हय. व्हय, खरं हाय. सारोळ्याचं खरं हाय. पसंत म्हनले व्हते. नगं गं अशी बघू. शिव्या दे मला, हातातलं ते लोखंड घाल डोक्यात, पन अशी बघू नगं... काय? मोबाईल? कशाला पायजे? ...हां. कोइमतूरचंबी ऐकलंस तर. घे. त्यो मंगळवारचा फोन, दुपारचा — नाव टाकलेलं न्हाई. राजी, आज शुक्रवार हाय, त्यानं आजपतुरच... बरं. न्हाई बोलत.

गेली भायेर. रस्त्याकडं. साहेब, ऐकू येतंय का तुमाला? हिंदीत बोलतीय. मला घाईची हिंदी कळत न्हाई. काय म्हनली? हसली का? व्हय, हसलीच. किती दिसांनी — आन् बघा, बोलता बोलता कशी उभी ऱ्हायलीय. केवढी दिसती. म्या इसरलोच व्हतो पोरगी केवढी हाय ते.

काय म्हनता? फोम बसला? बसला असंल, वीस मिनटं झाली की. पन मला न्हाई काढता यायचं तुमाला — बगलेत हात घालून सरळ उचलावं लागतंय, साचा धरून. माझ्या हातांनी मोडंल त्यो. तिच्याबिगर न्हाई निघत हितनं कोन. बसा. म्या बी बसतो हितंच, खाली. आता काय इचारू नका, गप ऱ्हावा जरा. तिला बोलू द्या.