अंधुक चित्र

प्रतापनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते.

“टीव्हीच खराब आहे, ताई. कन्सोलवर कोणताही गेम लावला की सगळं धुरकट दिसते.”

“म्हणून शार्पनेस पूर्ण वाढवून ठेवला? माणसांच्या कडेले पांढऱ्या रेघा येऊन राहिल्या होत्या, ऋषी. मले टोचत होतं. अन् तू म्हणे, आता कुठं बरं दिसते.”

“गेमची सेटिंगच तशी असते वं.”

“सेटिंगमध्ये लिहून आलं होतं, चित्र जेमतेम दिसेल एवढाच उजेड ठेवा. मले ते चित्र सुरुवातीलेच दिसलं. तू बटण दाबतच राहिला. उजेड पूर्ण वाढवला अन् मलेच विचारलं, चित्र कुठं आहे?”

“हळू बोल ना.”

“काहून? डॉक्टरले तर हेच सांगाचं आहे.”

“ताई, मी हिंगण्याच्या कंपनीची बस चालवतो, हे डॉक्टरले सांगू नको. नाही सांगणार ना?”





“तुहे भाऊजी त्याच बसनं जातात, गा. घरचाच ड्रायव्हर आहे म्हणून बसल्याबरोबर झोपतात.”